फॉर्मची मांडणी आणि नोंदींची तपासणी: डेस्कटॉप प्रोग्रॅम शिकताना अडणाऱ्या जागा

नाशिकच्या गंगापूर रोडवर केटीएचएम महाविद्यालय आहे, मविप्र संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि याच रस्त्याने धरणाच्या दिशेने पुढे गेले की १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय लागते. अशा भागात जावा, सी शार्प किंवा पायथॉन शिकणाऱ्या मुलांची कमी नाही. त्यांचा पहिला खरा प्रोग्रॅम अनेकदा घरातल्याच कामाचा असतो. समजा, एका विद्यार्थिनीने मामांच्या कृषी सेवा केंद्रासाठी उधारीची वही संगणकावर आणायची ठरवली. ग्राहकाचे नाव, गाव, मोबाइल, पिन कोड, घेतलेला माल, रक्कम, तारीख आणि खाली ‘जतन करा’ हे बटण. काम एवढेच.

तिच्या लॅपटॉपवर सगळे नीट चालते. दुकानातल्या जुन्या संगणकावर मात्र ‘जतन करा’ बटण खिडकीच्या खाली गायब होते, मामांनी मराठीत टाकलेले नाव ‘अवैध’ ठरते, आणि १२ रुपये ५० पैशांच्या जागी १२५० रुपये उधारी पडते. पहिल्या दोन चुका लगेच दिसतात. तिसरी दिसते ती हंगाम संपल्यावर, हिशेब करताना, आणि तेव्हा वाद दुकानदार आणि शेतकरी यांच्यात होतो. म्हणूनच मांडणी आणि तपासणी या गोष्टी शोभेच्या नाहीत.

दोन्ही अडचणींचे मूळ

नवशिका प्रोग्रॅमर नकळत दोन गोष्टी धरून चालतो. पहिली, सगळ्यांचा पडदा आपल्याइतकाच मोठा आहे. दुसरी, सगळे जण आपण टाइप करतो तसेच टाइप करतील. पहिल्या समजुतीतून मांडणीच्या चुका होतात, दुसरीतून तपासणीच्या. उपायही एकाच दिशेचा आहे: नेमकी जागा आणि नेमका मजकूर गृहीत न धरता नियम सांगायचे.

बटण दिसतच नाही

जावाच्या स्विंगमध्ये सर्वांत जास्त भेटणारी तक्रार ही: तीन घटक टाकले, दिसतो फक्त शेवटचा. कारण सोपे आहे. ‘जेफ्रेम’ या खिडकीची मूळ मांडणी ‘बॉर्डर लेआउट’ असते. तिचे पाच भाग असतात: वर, खाली, डावा, उजवा आणि मध्य. कोणता भाग ते सांगितले नाही तर प्रत्येक घटक मध्यभागी जातो, आणि एका भागात एकच घटक मावतो. नवा आला की आधीचा झाकला जातो. उपाय म्हणजे आधी ‘जेपॅनेल’ घ्यावे, त्याला हवी ती मांडणी द्यावी, घटक त्यात टाकावेत आणि मग ते पॅनेल खिडकीत ठेवावे.

दुसरे कारण क्रमाचे. खिडकी आधी दाखवली आणि घटक नंतर टाकले, तर ते पडद्यावर येतीलच असे नाही. सगळे घटक टाकून, ‘पॅक’ करून, शेवटी खिडकी दाखवावी. चालू खिडकीत नंतर काही टाकायचेच असेल तर ‘रीव्हॅलिडेट’ आणि ‘रीपेंट’ बोलवावे लागते.

तिसरे कारण ‘नल लेआउट’. मांडणीच बंद केली की प्रत्येक घटकाची जागा आणि आकार हाताने द्यावा लागतो. एखाद्याचा आकार द्यायचा राहिला तर त्याची लांबी-रुंदी शून्य राहते. घटक असतो, पण दिसत नाही.

पायथॉनच्या टीकिंटरमध्ये वेगळे सापळे आहेत. ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ या दोन पद्धती एकाच चौकटीत मिसळल्या की त्रुटी येते. वेगवेगळ्या चौकटींत मात्र त्या सुखाने नांदतात. दुसरा सापळा अधिक फसवा: एका ओळीत मजकूर-पेटी तयार करून तिथेच ‘ग्रिड’ बोलावले, तर चलात पेटी जात नाही, ‘नन’ जाते. पडद्यावर पेटी दिसते, पण तिच्यातला मजकूर वाचायला गेले की प्रोग्रॅम अडतो. पेटी तयार करणे आणि तिची जागा ठरवणे या दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात.

खिडकी ओढली की फॉर्म विस्कटतो

सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समध्ये घटक माउसने ओढून ठेवता येतात. त्यामुळे मांडणीचा विचार न करताही फॉर्म तयार होतो. प्रत्येक घटकाचा ‘अँकर’ हा गुणधर्म सुरुवातीला ‘वर’ आणि ‘डावीकडे’ असा असतो. म्हणजे घटक वरच्या डाव्या कोपऱ्याला बांधलेला राहतो. खिडकी मोठी केली की उजवीकडे आणि खाली नुसती रिकामी जागा वाढते.

- नाव आणि गाव यांच्या पेट्यांचा अँकर ‘वर, डावीकडे, उजवीकडे’ करावा. खिडकीबरोबर पेटी रुंद होते.
- ‘जतन करा’ बटणाचा अँकर ‘खाली, उजवीकडे’ करावा.
- नोंदींच्या तक्त्याचा अँकर चारही बाजूंना द्यावा.
- लेबल आणि पेट्यांच्या जोड्या जास्त असतील तर ‘टेबल लेआउट पॅनेल’ वापरावे. लेबलांचा स्तंभ मजकुराइतका, पेट्यांचा स्तंभ उरलेली सगळी जागा, असा नियम त्यात देता येतो.

स्विंगमध्ये हेच काम ‘ग्रिड बॅग लेआउट’ करते, पण दोन गोष्टी विसरल्या नाहीत तरच. पेटीला आडवा ‘वेट’ दिला नाही तर वाढीव जागा तिला मिळत नाही, आणि ‘फिल’ आडवा केला नाही तर मिळालेल्या जागेत ती पसरत नाही. दोन्ही राहिले आणि खिडकी थोडी अरुंद झाली, की पेट्या अचानक चिमुकल्या होतात. कारण पसंतीचा आकार मावत नाही असे दिसताच ही मांडणी घटकांना त्यांच्या किमान आकारावर नेते. टीकिंटरमध्ये ‘ग्रिड’ वापरताना स्तंभाला ‘वेट’ द्यावा आणि पेटीला पूर्व-पश्चिम चिकटवावे.

‘ग्रिड लेआउट’ मात्र फॉर्मसाठी घेऊ नये. तो सगळे चौकोन एकाच मापाचे करतो, त्यामुळे सहा आकडी पिन कोडची पेटी पत्त्याच्या पेटीएवढी होते. हिशेबयंत्राच्या बटणांसाठी तो उत्तम.

मराठी लेबले आणि पडद्याचे प्रमाण

रोमन अक्षरांसाठी आखलेल्या पेटीत देवनागरी घातली की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. ‘पूर्ण’, ‘मूर्ती’, ‘कौतुक’ या शब्दांना अक्षरांच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. म्हणून लेबलाची उंची पिक्सेलमध्ये ठरवून देऊ नये, ती मजकुरावर सोडावी. विंडोज फॉर्म्समध्ये ‘ऑटो साइझ’ चालू ठेवावे. स्विंगमध्ये घटकाचा पसंतीचा आकार मांडणीला वापरू द्यावा. लांबीचेही तसेच आहे. ‘पिन कोड’ हे लेबल छोटे, ‘खातेदाराचे संपूर्ण नाव’ हे लांब. एकाच मापाच्या लेबलात दुसरे तुटते.

दुसरा घटक म्हणजे विंडोजमधील प्रमाण. १०० टक्क्यांना एका इंचात ९६ ठिपके धरले जातात, १२५ टक्क्यांना १२० आणि १५० टक्क्यांना १४४. बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणून कुणी प्रमाण १५० टक्के केले की तेवढ्याच पडद्यावर मजकूर कमी मावतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर आखलेला फॉर्म १३६६ बाय ७६८ वर उघडला तरी तेच होते. गायब झालेले ‘जतन करा’ बटण अशा वेळी बहुधा पडद्याबाहेर गेलेले असते. लांब फॉर्म सरकत्या पॅनेलमध्ये ठेवावा आणि बटणांची पट्टी त्याबाहेर, खिडकीच्या तळाशी बांधावी. म्हणजे पडदा केवढाही असो, बटण हाताशी राहते.

रिकामी पेटी आणि चुकीचा आकडा

रक्कम न भरता बटण दाबले की पायथॉनमध्ये मजकुराचा आकडा करताना ‘व्हॅल्यू एरर’ येते, जावात ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’. टीकिंटर आणि स्विंगमध्ये ही त्रुटी मागच्या काळ्या खिडकीत छापली जाते. दुकानात ती खिडकी नसतेच, त्यामुळे बटण दाबले तरी काहीच होत नाही एवढेच दिसते. मामांना वाटते नोंद झाली. ती झालेली नसते.

क्रम असा ठेवावा: मजकुराच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढावी, रिकामा आहे का पाहावे, मग आकडा होतो का पाहावे, आणि शेवटी तो आकडा पटण्यासारखा आहे का ते पाहावे. सी शार्पमध्ये ‘ट्रायपार्स’ हे काम त्रुटी न उडवता करते. जावा आणि पायथॉनमध्ये रूपांतर करताना त्रुटी पकडावी लागते. जावातली एक नेहमीची चूक म्हणजे मजकूर रिकामा आहे का हे दोन बरोबर-चिन्हांनी तपासणे. ती चिन्हे मजकूर सारखा आहे का पाहत नाहीत, वस्तू तीच आहे का पाहतात. तिथे ‘इक्वल्स’ किंवा ‘इज-एम्प्टी’ वापरावे.

अनेक जण कळ दाबतानाच अक्षरे अडवतात. पण उजव्या कळीने चिकटवलेला मजकूर त्या जाळ्यातून निसटतो, आणि कधी कधी चूक खोडण्याची कळही अडवली जाते. कळीवरची अडवणूक सोय म्हणून ठेवता येईल. खरी तपासणी जतन करतानाच व्हायला हवी.

मराठी आकड्यांचा घोळ

मराठी कीबोर्ड चालू असताना मामांनी ‘५००’ टाइप केले तर? युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६ आहे आणि इंग्रजी शून्याचा ४८. मानवी डोळ्याला अर्थ एकच, संगणकाला अक्षरे वेगळी.

भाषांचे वागणेही वेगवेगळे आहे. पायथॉन आणि जावा देवनागरी आकड्यांचे पूर्णांक बनवतात. सी शार्पमध्ये मात्र गंमत होते: ‘हे अक्षर आकडा आहे का?’ असे विचारले तर ‘इज-डिजिट’ होय म्हणते, पण त्याच मजकुराचे पूर्णांकात रूपांतर होत नाही. म्हणजे तपासणी उत्तीर्ण आणि पुढच्याच ओळीत प्रोग्रॅम बंद. सोपा मार्ग असा: मजकूर हाती येताच प्रत्येक देवनागरी आकड्याच्या संकेतांकातून २३५८ वजा करून तो इंग्रजी आकडा करावा, आणि पुढचे सगळे काम त्यावर करावे. वापरणाऱ्याला ‘इंग्रजीतच आकडे टाका’ असे सांगण्यापेक्षा हे चार ओळींचे काम बरे.

‘राम’ अवैध का ठरतो

नावात फक्त अक्षरे असावीत म्हणून शिकाऊ प्रोग्रॅमर ‘इज-लेटर’ किंवा पायथॉनमधील ‘इज-अल्फा’ वापरतो. मग ‘राम’ नाकारला जातो. युनिकोडच्या हिशेबात ‘र’ आणि ‘म’ ही अक्षरे आहेत, पण मधला काना हे अक्षराला जोडलेले चिन्ह आहे. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्हही तसेच. जावातील ‘इज-अल्फाबेटिक’ काना स्वीकारते, पण पायमोडके चिन्ह नाही. म्हणजे ‘राम’ चालतो आणि ‘कृष्णा’ अडतो.

तपासणीत अक्षरांबरोबर जोडचिन्हांनाही परवानगी द्यावी, शिवाय मोकळी जागा, टिंब, जोडरेघ आणि ‘डि’सूझा’मधील वरचा स्वल्पविराम यांनाही. त्याहून सरळ उपाय म्हणजे नाव फारसे तपासूच नये. ते रिकामे नाही आणि नुसते आकडे नाहीत, इतके पुरे. माणसाला त्याचे नाव चुकीचे आहे असे सांगणारा प्रोग्रॅम कोणालाच आवडत नाही.

लांबी मोजतानाही सावध राहावे. ‘क्षितिज’ वाचणाऱ्याला तीन अक्षरी, युनिकोडला सात घटकांचे, आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटचे असते. वीस बाइटची मर्यादा असलेल्या जागेत ते मावणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेहमीच्या ‘व्हारचार’ स्तंभात मराठी नाव टाकले की प्रश्नचिन्हांची रांग जतन होऊ शकते. तिथे ‘एनव्हारचार’ घ्यावे. ‘वऱ्हाडे’मधला ‘ऱ’ही दोन प्रकारे साठवता येतो: एकच घटक म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचे टिंब मिळून. दोन्ही दिसतात सारखे, पण शोधताना जुळत नाहीत. साठवण्याआधी मजकूर एकाच रूपात आणण्याची सोय तिन्ही भाषांत आहे.

एका स्वल्पविरामाने शंभरपट

आता सुरुवातीच्या १२५० रुपयांकडे. मामांना १२.५० टाकायचे होते, बोट शेजारच्या कळीवर पडले आणि १२,५० झाले. सी शार्पमधील ‘डेसिमल’चे नेहमीचे रूपांतर भारतीय किंवा अमेरिकी पद्धतीच्या मांडणीत स्वल्पविरामाला गट पाडण्याचे चिन्ह मानते आणि गट बरोबर जागी पडला आहे का ते पाहत नाही. उत्तर येते १२५०. त्रुटी नाही, इशारा नाही.

याला तीन उपाय आहेत. स्वल्पविराम असलाच तर तो १,२५,००० असा योग्य जागीच आहे का हे आधी पाहावे, नाहीतर स्वल्पविरामच नाकारावा. दुसरे, दर आणि नग यांच्याशी रक्कम जुळवून पाहावी. तिसरे, जतन करण्याआधी वाचलेली रक्कम अक्षरी दाखवावी: ‘एक हजार दोनशे पन्नास रुपये’. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिण्याची पद्धत याच कारणासाठी आहे.

पैशासाठी ‘फ्लोट’ किंवा ‘डबल’ वापरू नये. ही रूपे दशांश नेमके साठवत नाहीत, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्यांत ०.३ पेक्षा किंचित जास्त येते. सी शार्पमध्ये ‘डेसिमल’, जावात ‘बिगडेसिमल’, पायथॉनमध्ये ‘डेसिमल’ वापरावे आणि ते थेट मजकुरापासून बनवावे. किंवा सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवावा.

मोबाइल, पिन आणि तपासणी-अंक

मोबाइल आणि पिन कोड दिसतात आकडे, पण त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच साठवावेत. मोबाइलमधून मोकळ्या जागा, सुरुवातीचे शून्य किंवा अधिक-९१ काढून दहा अंक उरतात का आणि पहिला अंक ६ ते ९ मधला आहे का ते पाहावे. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्यात सहा अंक असतात, पहिला शून्य नसतो, आणि नाशिक शहराचे पिन ४२२ ने सुरू होतात. पण ‘४२२ नसेल तर नाकारा’ असा नियम करू नये. बाहेरगावचा ग्राहकही येतो.

रचना बरोबर म्हणजे क्रमांक बरोबर, असे नाही. मोबाइलचा एक अंक चुकला तरी दहा अंक दहाच राहतात. काही क्रमांकांत मात्र शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांच्या पद्धतीने येतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले, तर ही पद्धत चूक पकडतेच. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकातही शेवटचे अक्षर तपासणीचे असते; पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. तरीही उधारीच्या वहीला आधार लागत नाही. न लागणारी माहिती मागू नये.

तारीख

०५/०४ म्हणजे भारतात ५ एप्रिल, अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ४ मे. तारीख हाताने टाइप करून घेण्यापेक्षा दिनदर्शिकेतून निवडू द्यावी. टाइप करून घ्यायचीच असेल तर रूप ठरवून द्यावे. जावातील जुने ‘सिंपल डेट फॉरमॅट’ मूळ स्थितीत ढिले असते: ३१ फेब्रुवारी दिली तर ते तक्रार न करता तारीख मार्चमध्ये नेते. त्याचा ढिलेपणा बंद करावा लागतो.

चूक सांगावी कशी

‘अवैध नोंद’ एवढ्या संदेशाने कोणाला काही कळत नाही. ‘मोबाइल क्रमांकात ९ अंक आहेत, १० हवेत’ हे कळते. संदेश त्या पेटीशेजारी दिसावा. विंडोज फॉर्म्समध्ये ‘एरर प्रोव्हायडर’ पेटीजवळ लाल खूण दाखवतो. एकामागून एक संदेशांच्या खिडक्या उघडण्यापेक्षा सगळ्या चुका एकदम दाखवाव्यात, पहिल्या चुकलेल्या पेटीत कर्सर न्यावा आणि भरलेला बाकीचा मजकूर तसाच ठेवावा.

पेटी सोडतानाच तपासणी लावली तर एक धोका असतो. विंडोज फॉर्म्समध्ये ‘व्हॅलिडेटिंग’ घटना रद्द केली की वापरणारा त्या पेटीत अडकतो; त्याला ‘रद्द करा’ बटणही दाबता येत नाही. त्या बटणाचा ‘कॉझेस व्हॅलिडेशन’ गुणधर्म बंद करावा. स्विंगमध्ये ‘इनपुट व्हेरिफायर’ वापरताना ‘रद्द करा’ बटणाला अशीच सूट द्यावी लागते.

फॉर्मवरची तपासणी हे पहिले दार. दुसरे डेटाबेसमध्ये हवे: रक्कम शून्यापेक्षा जास्त असावी, नाव रिकामे नसावे, हे नियम तिथेही लिहावेत. आणि एसक्यूएल वाक्य मजकूर जोडून बनवू नये. तसे केले तर ‘डि’सूझा’ नावातल्या एका चिन्हाने वाक्य तुटते, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून सगळी वही पुसू शकतो. किमती वेगळ्या पाठवणारे ‘पॅरामीटर’ वापरावेत.

देण्याआधीची चाचणी

1. खिडकी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी करून पाहावी; प्रमाण १५० टक्के करून पाहावे.
2. सगळे रिकामे ठेवून ‘जतन करा’ दाबावे.
3. रकमेत पाळीपाळीने ५००, उणे ५००, १२,५०, १,२५,००० आणि ‘पाचशे’ टाकावे. आकडे मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्डवरून.
4. नावात ‘राम’, ‘कृष्णा’, ‘वऱ्हाडे’ आणि ‘डि’सूझा’ टाकून जतन करावे, मग शोधून पाहावे.
5. मोबाइल चिकटवून पाहावा, मध्ये मोकळी जागा ठेवूनही.
6. चुकीची नोंद अर्धवट ठेवून ‘रद्द करा’ दाबावे.

शेवटची चाचणी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायचीच नाही. ती मामांना करू द्यावी आणि त्या वेळी काही न सांगता शेजारी बसून पाहावे. ते जिथे थांबतात, तिथे मांडणी चुकली आहे. ते जे टाइप करतात आणि प्रोग्रॅम जे समजतो त्यात फरक पडतो, तिथे तपासणी. आणि पहिला हंगामभर कागदाची वहीही चालू ठेवावी. दोन्हींचे हिशेब जुळले, म्हणजे प्रोग्रॅमवर विसंबायला हरकत नाही.